नळीतला पीळ आणि काढून घेतलेला नेम

एप्रिल १८५७. त्या महिन्याच्या ८ तारखेला बराकपूरच्या छावणीत मंगल पांडे यांना फासावर चढवण्यात आले. ज्या बंदुकीच्या काडतुसांवरून बंगालच्या पलटणी धुमसत होत्या, ती १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड रायफल. त्याच महिन्यात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, केंट परगण्यातल्या हाइथ गावी, हीच एन्फील्ड एका वेगळ्याच परीक्षेला बसली होती. तिथल्या लष्करी नेमबाजी शाळेचे प्रमुख कर्नल हे यांच्या देखरेखीखाली, युद्धमंत्री लॉर्ड पॅनम्युअर यांच्यासमोर, तिची चांदमारी मँचेस्टरचे यंत्रकार जोसेफ व्हिटवर्थ यांनी घडवलेल्या रायफलीशी लावली गेली. निकालाचे आकडे तेव्हाच वर्तमानपत्रांतून आले आणि पुढे व्हिटवर्थ यांनी आपल्या निबंधसंग्रहातही छापले. म्हणून ते आज आपल्यापर्यंत पोहोचले आहेत.

मोजण्याची रीत अशी होती. लक्ष्यावर पडलेल्या सगळ्या गोळ्यांच्या खुणांचा मध्य काढायचा आणि त्या मध्यापासून प्रत्येक गोळी किती लांब पडली याची सरासरी घ्यायची. ५०० यार्डांवर, म्हणजे सुमारे ४५७ मीटरवर, एन्फील्डची ही सरासरी २.२४ फूट आली आणि व्हिटवर्थची ०.३७ फूट. एका बंदुकीच्या गोळ्या सव्वादोन फुटांनी पसरत होत्या, दुसरीच्या साडेचार इंचांनी. ८०० यार्डांवर एन्फील्ड ४.२० फुटांवर गेली, व्हिटवर्थ एका फुटावर राहिली. १,४०० यार्डांवर एन्फील्डच्या रकान्यात आकडाच नाही. गोळ्या इतक्या भरकटल्या की मोजण्यासारखे काही उरले नाही.

व्हिटवर्थ यांचा या प्रकरणात स्वार्थ होता हे विसरून चालणार नाही. आपली बंदूक लष्कराने घ्यावी अशी खटपट ते करत होते. पण परीक्षा त्यांनी घेतलेली नव्हती. शिवाय १८६२ मध्ये सरकारच्या शस्त्रविषयक समितीने नमूद केले की अचूकतेचा दावा करणाऱ्या लहान व्यासाच्या रायफलींच्या प्रत्येक कारागिराने व्हिटवर्थ यांच्याच तीन गोष्टी उचलल्या आहेत: नळीचा व्यास, पिळाचे प्रमाण आणि गोळीला फिरवणाऱ्या पृष्ठभागाचे मोठे प्रमाण. जी समिती त्यांची बंदूक सैन्याला द्यायला कचरत होती, तिनेच हे लिहून ठेवले. त्यामुळे हाइथचा तक्ता मी विश्वासार्ह मानतो.

त्या तक्त्याचे खरे मोल आकड्यांच्या फरकाहूनही वेगळ्या गोष्टीत आहे. एन्फील्डची गोळी ५३० ग्रेन वजनाची, व्हिटवर्थचीही ५३० ग्रेनचीच. ही अट सरकारनेच घातली होती. दारू एन्फील्डमध्ये अडीच ड्राम, म्हणजे ६८ ग्रेनच्या आसपास, व्हिटवर्थमध्ये ७० ग्रेन. दोन्ही बंदुका शिपायाने खांद्यावर वागवाव्यात अशाच वजनाच्या आणि दोन्हींच्या नळ्या ३९ इंचांच्या. गोळीचे वजन तेच, दारू जवळपास तीच, लांबीही तीच. तेव्हा सहा पटींचा फरक आला कुठून? उत्तर नळीच्या पोकळीत आहे, आणि त्या पोकळीची मापेही कागदोपत्री शिल्लक आहेत.

एन्फील्डचा आतला व्यास ०.५७७ इंच. आत तीन खाचा, आणि ७८ इंचांत एक फेरा इतका संथ पीळ. नळी ३९ इंचांची, म्हणजे बाहेर पडेपर्यंत गोळीचा बरोबर अर्धाच फेरा पुरा होई. व्हिटवर्थच्या नळीचा व्यास ०.४५१ इंच, पोकळी षट्कोनी आणि पीळ २० इंचांत एक फेरा. तेवढ्याच लांबीत तिची गोळी जवळजवळ दोन फेरे घेई. वेग सेकंदाला ११०० फूट धरला, तर एन्फील्डची गोळी सेकंदाला सुमारे १७० वेळा फिरत निघाली आणि व्हिटवर्थची सुमारे ६६० वेळा.

व्यास कमी केला की तेवढ्याच वजनाची गोळी लांबुडकी होते. ०.५७७ आणि ०.४५१ या व्यासांच्या वर्तुळांचे क्षेत्रफळ काढून पाहिले, तर पहिले दुसऱ्याच्या १.६ पटींहून जास्त भरते. म्हणजे हवेला सामोरे जाणारे तोंड व्हिटवर्थच्या गोळीचे बरेच लहान होते आणि मागचे वजन मात्र तेवढेच. अशी गोळी वेग टिकवते, वाऱ्याने कमी ढळते. पण लांब गोळीत एक खोड असते. पुरेशी गिरकी नसेल तर ती हवेत कोलांट्या घेते. म्हणून बारीक नळी आणि तीव्र पीळ यांची जोडी लावावी लागते. एक सोडून दुसरे घेता येत नाही.

व्हिटवर्थ या जोडीपर्यंत अंदाजाने पोहोचले नव्हते. १८५४ मध्ये ब्रिटिश सरसेनापती लॉर्ड हार्डिंग यांनी त्यांना या कामात घातले. हे हार्डिंग म्हणजे १८४४ ते १८४८ या काळात हिंदुस्थानचे गव्हर्नर जनरल असलेले, पहिल्या शीख युद्धात स्वतः रणांगणावर उतरलेले. व्हिटवर्थ यांनी बंदुका बनवण्याची यंत्रे आधी पुरवावीत अशी अपेक्षा होती. त्यांचे म्हणणे असे, की चांगली नळी कशाने होते हेच कुणी नीट शोधलेले नाही, तर यंत्रे कशाची बनवायची? तेव्हा सरकारी पैशाने मँचेस्टरजवळ रशोम इथे त्यांच्या आवारात ५०० यार्ड लांबीची बंदिस्त चांदमारी उभारली गेली. वारा आत येऊ नये म्हणून तिला भिंती आणि छप्पर होते. वादळात ती एकदा कोसळली आणि पुन्हा बांधावी लागली. आत ठरावीक अंतरांवर पातळ कागदाचे पडदे टांगलेले असत. गोळी प्रत्येक पडद्याला भोक पाडत जाई, आणि भोके ओळीने जोडली की तिचा सगळा मार्ग डोळ्यांसमोर येई. गोळी तिरकी उडाली असेल तर भोक गोल न पडता लांबट पडे, हेही कागदच सांगे.

पिळाच्या बाबतीत त्यांनी दोन्ही टोके गाठून पाहिली. ६० इंचांत एक फेरा, मग ३०, २०, १०, ५ आणि शेवटी चक्क एका इंचात एक फेरा. एवढ्या पिळात गोळी अडकून नळी फुटेल असे कुणालाही वाटावे. पण शिसे आणि कथील यांच्या मिश्रधातूची, नळीत नेमकी बसणारी गोळी तिच्यातूनही बाहेर पडली आणि ३५ ग्रेन दारूवर एल्म झाडाच्या सात इंच फळ्या भेदून गेली. इतके करून ते २० इंचांवर थांबले. हार्डिंग सप्टेंबर १८५६ मध्ये वारले. आपण विचारलेल्या प्रश्नाचे हाइथला मिळालेले उत्तर त्यांना पाहायला मिळाले नाही.

कागदी पडद्यांची युक्ती मात्र व्हिटवर्थ यांच्याही आधी शंभर वर्षांची आहे. बेंजामिन रॉबिन्स या गणितज्ञाने १७४२ मध्ये तोफशास्त्रावरचा आपला मूलगामी ग्रंथ छापला आणि १७४७ मध्ये पीळ असलेल्या नळ्यांवरचा निबंध रॉयल सोसायटीपुढे मांडला. गुळगुळीत नळीची गोळी सरळ का जात नाही, हा त्याचा प्रश्न होता. त्याचे म्हणणे असे, की नळीत सैल बसलेली गोल गोळी जाता जाता एका बाजूला घासते, त्यामुळे तिला नको तशी गिरकी मिळते आणि ती गिरकी तिला हवेत वळवते. हे पटवून देण्यासाठी त्याने एका बंदुकीच्या नळीचे तोंड मुद्दाम डावीकडे वाकवले. गोळी सुटली ती डावीकडेच. जवळच्या पडद्यावर भोक डावीकडे पडले. पण पुढच्या पडद्यांवर ती वळत वळत उजवीकडे आली. वाकलेल्या तोंडाशी तिची उजवी बाजू घासली, तिला गिरकी मिळाली आणि त्या गिरकीने तिला उलट दिशेला ओढले. बंदुकीवर इतका साधा आणि इतका निर्णायक प्रयोग दुसरा मला माहीत नाही. पीळ असलेल्या नळीचे मर्म ज्या राष्ट्राला आधी कळेल त्याचे सैन्य इतरांवर मात करील, असेही तो लिहून गेला. पुढे ईस्ट इंडिया कंपनीने तटबंदीच्या कामासाठी त्याला हिंदुस्थानात पाठवले. १७५१ मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये तो वारला.

आता वजनाकडे येऊ. हाइथला वजनाची परीक्षा झाली नाही, कारण दोन्ही बंदुका जवळपास सारख्या होत्या. पण मापांवरून हिशेब मांडता येतो. एन्फील्ड सुमारे ९ पौंडांची. ५३० ग्रेनच्या गोळीच्या जवळजवळ १२० पट जड. गोळी ३९ इंच पुढे सरकते तेवढ्यात, दारूचे वजनही जमेस धरले तर, बंदूक साधारण एक तृतीयांश इंच मागे येते. हे मागे येणे गोळी नळीत असतानाच घडते. दस्ता खांद्याला टेकलेला असतो तो नळीच्या रेषेच्या खाली, त्यामुळे सरळ मागे येण्याऐवजी बंदुकीचे तोंड वर उचलले जाते. बंदूक हलकी केली की ही हालचाल वाढते आणि शिपायाची पकड जरा बदलली तरी गोळीची जागा बदलते. जड बंदूक ही चूक लहान ठेवते. चूक नाहीशी करत नाही.

वजन नेमके कुठे आहे यालाही महत्त्व आहे. ते दस्त्यात असेल तर त्याचा फायदा बेताचा. नळीच्या भिंतीत असेल तर दुहेरी, कारण जाड नळी वाकत आणि थरथरत कमी. याची साक्ष १८५८ च्या आरमारी रायफलीत मिळते. तिची नळी ३९ ऐवजी ३३ इंचांची, पण भिंत जाड. खाचा तीनऐवजी पाच. पीळ ४८ इंचांत एक फेरा. लांब नळी जास्त अचूक या समजुतीप्रमाणे ती मागे पडायला हवी होती. उलट ती लांब एन्फील्डपेक्षा सरस निघाली. एका टोकाला धरलेल्या दांड्याचे वाकणे लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. नुसत्या सहा इंचांच्या काटछाटीने ते सुमारे ४० टक्क्यांनी घटते, आणि जाडीचा फायदा त्याहून वेगळा. अर्थात या रायफलीत पीळही बदलला होता. सुधारणेतला किती वाटा पिळाचा आणि किती जाड भिंतीचा, हे या पुराव्यावरून वेगळे काढता येणार नाही, आणि कुणी काढून दाखवले तर त्यावर विश्वास ठेवू नये.

नेमबाजीच्या सामन्यांचे नियमही या बाबतीत चांगले साक्षीदार आहेत. १८७४ मध्ये न्यूयॉर्कजवळ क्रीडमूर इथे अमेरिका आणि आयर्लंड यांच्यात लांब पल्ल्याचा गाजलेला सामना झाला. तिथे रायफलीचे वजन १० पौंडांहून जास्त नको अशी अट होती. जड नळीचा फायदा सगळ्यांना ठाऊक नसता, तर ती कुणी घातलीच नसती.

याउलट ज्या एका बाराचा सर्वांत गाजावाजा झाला, त्याला पुरावा म्हणून फारसे मोल नाही. २ जुलै १८६० रोजी विम्बल्डनच्या मैदानावर ब्रिटनच्या राष्ट्रीय रायफल संघाचा पहिला मेळावा भरला. व्हिटवर्थ यांनी आपली रायफल लोखंडी बैठकीवर घट्ट बसवून नेम धरून ठेवला होता. राणी व्हिक्टोरियाने रेशमी दोरी ओढली आणि ४०० यार्डांवरची गोळी लक्ष्याच्या मध्यापासून सव्वा इंचावर लागली. क्रिमियन युद्धाची छायाचित्रे काढणाऱ्या रॉजर फेंटनने त्या लक्ष्याचे छायाचित्र काढले आणि ते आजही उपलब्ध आहे. माणसाचा हात मध्ये नसल्यामुळे तो बार नळीचा स्वतःचा होता हे खरे. पण एक गोळी म्हणजे एक गोळी. पुरावा हवा असेल तर हाइथच्या नीरस तक्त्याकडेच वळावे लागते.

एवढी अचूक रायफल सैन्याने का घेतली नाही? समितीची हरकत अशी होती की ती महाग आहे, दारूच्या काजळीने लवकर भरते आणि मग गोळी आत सरकवणे जड जाते. ही हरकत मला पोकळ वाटत नाही, कारण हिंदुस्थानातला पुरावा तिच्या बाजूचा आहे. २२ मे १८५८ रोजी काल्पीजवळ गोलावलीला रावसाहेब पेशवे आणि राणी लक्ष्मीबाई यांच्या फौजांनी ब्रिटिश सेनापती सर ह्यू रोज यांच्या उजव्या बगलेवर जोराचा हल्ला चढवला. रोज यांचा अहवाल जॉर्ज फॉरेस्ट यांनी छापलेल्या सरकारी कागदपत्रांत आहे. संख्येने कमी असल्याची आपली उणीव एन्फील्डने तोवर भरून काढली होती, पण उन्हामुळे आणि इतर कारणांनी काडतुसे बिघडली, बंदुका भरणे अवघड झाले आणि मारा बेभरवशाचा झाला, असे ते लिहितात. बगल वाचली ती उंटस्वारांची कुमक आल्यामुळे.

कारण मापांत दिसते. गोळीचा व्यास ०.५६८ इंच, नळीचा ०.५७७. दोहोंतली फट पाव मिलिमीटरही नाही, आणि तिच्यातच काडतुसाचा चरबी लावलेला कागदही बसायचा. मे महिन्याच्या उन्हात चरबी वितळली, नळीत काजळी साचली, की गज मारूनही गोळी उतरेना. १८५९ मध्ये गोळीचा व्यास ०.५५० इंचांवर आणला गेला. एन्फील्डची गोळी मागून पोकळ असे आणि त्या पोकळीत लाकडी खुंटी बसवलेली असे. बार होताच शेपूट फुगून खाचांत रुतत असल्यामुळे व्यास घटवूनही तिचा नेम सांभाळता आला. व्हिटवर्थच्या बेतशीर षट्कोनी नळीत अशी सैल सवलत देणे कठीण होते.

इथवरच्या कागदपत्रांत नेम वाढवण्याची धडपड दिसते. १८५८ मध्ये मात्र उलट दिशेची एक बंदूक मंजूर झाली. १८५७ च्या उठावानंतर हिंदी पलटणींना एन्फील्ड रायफल द्यायची नाही असे ठरले आणि त्यांच्यासाठी १८५८ च्या नमुन्याची मस्केट आली. घोडा तोच, दस्ता तोच, संगीन तशीच. कवायतीच्या मैदानावर ती एन्फील्डच दिसे. फक्त नळी आतून ०.६५६ इंचांपर्यंत पोखरलेली आणि साफ गुळगुळीत होती. खाचा गेल्या, पीळ गेला. शेकडो यार्डांच्या खुणा असलेली मागची उचलती नेमपट्टीही गेली आणि तिच्या जागी साधी, न हलणारी खूण आली. रॉबिन्सने शंभर वर्षांपूर्वी ज्या गुळगुळीत नळीचा दोष उलगडून दाखवला होता, तीच नळी आता सगळे समजून उमजून शिपायाच्या हाती दिली गेली. शंभर यार्डांपलीकडे अशा बंदुकीचा भरवसा नसतो.

या मस्केटचे माप स्वतःच एक गोष्ट सांगते. ०.५७७ वरून ०.६५६ वर जाताना नळीच्या भिंतीतून सगळीकडून सुमारे एक मिलिमीटर लोखंड कमी झाले. बाहेरचा आकार तोच ठेवल्यामुळे भिंत इतकी पातळ झाली की नळ्या फुगू आणि वाकू लागल्या. म्हणून पुढच्याच वर्षी १८५९ चा नमुना काढून भिंत जाड करावी लागली. घाई इतकी होती की नळी तग धरील का याचा विचार मागाहून झाला. हिंदी सैन्याच्या पुनर्रचनेसाठी नेमलेल्या पील आयोगाने १८५९ मध्ये तोफखाना गोऱ्यांच्या हाती ठेवण्याची शिफारस केली. तोफा काढून घेणे आणि नळीतला पीळ काढून घेणे ही एकाच धोरणाची दोन अंगे होती, असे माझे मत आहे. तोफांची चर्चा इतिहासात पुष्कळ झाली. पिळाची व्हायला हवी तेवढी झालेली नाही, कारण बाहेरून बंदूक एन्फील्डच दिसते.

पुढचा काळ झपाट्याने सांगता येईल. १८६६ मध्ये ब्रिटिश सैन्याने स्नायडर घेतली. ती मागून भरायची असली, तरी जुन्या एन्फील्डच्या नळीवरच बेतलेली होती. १८७१ मध्ये मार्टिनी-हेन्री आली. तिची नळी अलेक्झांडर हेन्री यांची: व्यास ०.४५० इंच, सात खाचा, २२ इंचांत एक फेरा. व्हिटवर्थ यांची बारीक नळी आणि तीव्र पीळ ही जोडी अखेर ब्रिटिश पायदळाच्या हाती पडली, हाइथनंतर चौदा वर्षांनी. हिंदी पलटणींकडे तेव्हा स्नायडर सरकवली गेली. २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानात मैवंदला एकाच रांगेत हा फरक उभा होता: ६६ व्या गोऱ्या पलटणीकडे मार्टिनी-हेन्री, मुंबई आर्मीच्या पहिल्या ग्रेनेडियर्स आणि जेकब्स रायफल्सकडे स्नायडर. तो पराभव बंदुकीमुळे झाला असे म्हणणे चुकीचे ठरेल. अफगाण सेनापती अयूबखानाकडे कितीतरी जास्त तोफा होत्या, ऊन आणि तहान होती, आणि रणभूमीची निवडही फसली होती. पण त्या दिवशी मुंबईच्या शिपायांच्या हातातली नळी एक पिढी मागची होती, हे कागदावर आहे. १८९७ च्या वायव्य सरहद्दीवरच्या तिराह मोहिमेतही तोच क्रम दिसतो: गोऱ्या पलटणींकडे नवी ली-मेटफर्ड, हिंदी पलटणींकडे मार्टिनी-हेन्री.

आपल्याकडच्या संग्रहालयांत आणि जुन्या घराण्यांच्या शस्त्रसाठ्यांत एकोणिसाव्या शतकातल्या अशा बंदुका असतील, तर त्यांवर ‘एन्फील्ड’ एवढीच चिठ्ठी लावून थांबू नये. बंदूक भरलेली नाही याची जाणकाराकडून खात्री करून घ्यावी आणि मग नळीच्या तोंडाचा आतला व्यास मोजावा, खाचा असतील तर त्या मोजाव्यात, भिंतीची जाडी आणि बंदुकीचे वजन टिपून ठेवावे. ०.५७७ इंच आणि तीन खाचा आढळल्या तर ती बहुधा १८५३ ची रायफल. ०.६५६ च्या आसपास आणि आत सगळे गुळगुळीत असेल, तर ती उठावानंतर हिंदी शिपायासाठी बनवलेली मस्केट असण्याची शक्यता मोठी आहे, आणि तशी नोंद चिठ्ठीवर व्हायला हवी.